बोलक्या प्राण्यांचा पिक्चर अख्ख्या घराने मिळून कसा बघायचा

दिवाळीच्या सुट्टीत दादाकडे गेले की एक काम माझ्या गळ्यात पडतंच, जेवणं झाली की सगळ्यांना मिळून बघता येईल असा पिक्चर लावायचा. सगळे म्हणजे कोण, तर भाची ५ वर्षांची, भाचा ९ चा, दादा, वहिनी, मी आणि आमची आई, जी ७४ ची आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत पिक्चर पटला नाही तर देवापुढचा दिवा बघून येते म्हणून उठते ती परत येतच नाही. आता या सहा जणांना एकदम चालेल असं असतं काय? मारामारी नको, रडकं नको, वहिनीला भुताचं नको, आणि जरा कुठे हिरो-हिरोईन जवळ आले की दादाला लगेच तहान लागते. चार-पाच वर्षं सगळे प्रयोग करून मी या मतावर आलेय की बोलणाऱ्या प्राण्यांचा हलकाफुलका ॲनिमेशन पिक्चर, त्याला तोड नाही. पण तोही नीट निवडावा लागतो, मी दोन-तीनदा सपशेल आपटलेय, म्हणून जे जमलं ते इथे सांगते.

आधी हे बघा की असा पिक्चर चालतो तेव्हा नक्की काय होतं. झूटोपिया (२०१६) मधे एक सीन आहे, ससुली पोलीस झालीय, तिच्याकडे केस सोडवायला फक्त ४८ तास आहेत, एका गाडीचा नंबर कोणाच्या नावावर आहे एवढंच तिला काढायचंय, आणि कोल्हा तिला जिथे घेऊन जातो त्या आरटीओसारख्या ऑफिसात खिडकी-खिडकीत बसलेत स्लॉथ. म्हणजे जगातल्या सगळ्यात संथ प्राण्यांपैकी एक. तो क्लार्क एकेक शब्द असा काही ओढतो की तुमच्या पायाला मुंग्या येतात, आणि त्यात तो कोल्हा मुद्दाम त्याला जोक सांगायला घेतो, मग जोक समजायला वेळ, हसायला वेळ, वर तो जोक शेजारणीला सांगायला वेळ, बाहेर येतात तेव्हा रात्र झालेली असते. आमच्याकडे या सीनला भाची हसली ती त्या तोंडाला, ते हसू सावकाश पसरत जातं ना, त्याला. भाचा हसला ससुलीच्या तडफडीला. आणि आई हसली सगळ्यात जास्त, पदर तोंडाला लावून, कारण तिला हयातीचा दाखला आठवला. "अगं हे आपलंच ऑफिस आहे," म्हणाली. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, पण या सीनला भाषा लागतच नाही. एक जोक, तीन पिढ्या, प्रत्येकाचं हसू वेगळ्या कारणाचं आणि कोणी कोणाला काही समजावून सांगितलं नाही. जो पिक्चर हे करतो तो लावायचा.

मग ओळखायचा कसा? मी एक साधी परीक्षा घेते. ट्रेलर बघायचा आणि त्यातल्या एखाद्या जोकमधे प्राणी बदलून बघायचा. स्लॉथच्या जागी उंदीर बसवा, सीन मेला. म्हणजे जोक त्या प्राण्याच्या खोडीतून आलाय, पिक्चर बहुतेक चांगला असणार. पण बदलूनही काहीच फरक पडला नाही, अस्वल काय, कुत्रा काय, सगळे नुसते गॉगल लावून नाचतायत आणि एकमेकांना ब्रो म्हणतायत, तर समजायचं की ही माणसंच आहेत, वरून फक्त केस चिकटवलेत. असे पिक्चर लहान मुलांना वीस मिनिटं पुरतात, मग ती सोफ्यावरून उड्या मारायला लागतात आणि मोठी माणसं मोबाईल काढतात. मी आपटले ते असल्याच पिक्चरवर, नाव नाही सांगत.

मादागास्कर (२००५) या परीक्षेत पैकीच्या पैकी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या झूमधला सिंह, तिथला स्टार, रोज आयता स्टेक मिळतो त्यामुळे आपण शिकारी आहोत हे पठ्ठ्याला माहीतच नाही, आणि त्याचा जिवलग मित्र कोण तर झेब्रा. हे सगळे जाऊन पडतात बेटावर, तिथे स्टेक आणून देणारं कोणी नाही, आणि पोटात कावळे कोकलायला लागल्यावर सिंहाला मित्राच्या जागी चालता-बोलता स्टेक दिसायला लागतो, एकदा तर तो झेब्र्याच्या पार्श्वभागाला खरंच चावतो. पोरं लोळून हसतात पण जरा विचार केला तर प्रॉब्लेम केवढा गंभीर आहे बघा, मैत्री खरी आहे आणि भूकही खरी आहे. शेवटी पेंग्विन त्याला सुशी खायला घालतात आणि सगळं गोड होतं. यावर आमच्या भाचीने विचारलं, "आत्या, मग मासे कोणाचेच मित्र नव्हते का?" मला उत्तर आलं नाही, अजूनही येत नाही. (२००३ च्या फाइंडिंग नेमोमधे शार्क लोक व्यसनमुक्तीच्या मीटिंगसारखे गोल बसून मासे सोडायचा प्रयत्न करतात, म्हणजे त्या लेखकांनाही हा प्रश्न पडला असणार.)

आता कोणी म्हणेल मोठ्या माणसांना बोलणारे प्राणी बालिश वाटतात. ज्यांना वाटतात त्यांना वाटू देत, पण आपल्या आज्या-आयांना तरी वाटत नाहीत, कारण त्यांचं बालपणच त्यात गेलंय. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, पावसात कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो दार वाजवतो तर चिऊताई आतून म्हणते थांब माझ्या बाळाला तीट लावते. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आणि तिची वाट अडवणारे वाघ-कोल्हे. आणि माझी सगळ्यात आवडती, टोपीवाला उंदीर, राजाने टोपी काढून घेतली तर राजा भिकारी म्हणून गावभर ढोल बडवतो आणि परत दिली तर राजा मला भ्याला म्हणून बडवतो, म्हणजे राजाला दोन्हीकडून मार. तिथे उंदराच्या जागी वाघ घाला, गोष्ट संपली, वाघाला राजा घाबरला यात काय मजा. पंचतंत्र तर जगभर फिरून आलंय, त्यातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे आठव्या शतकात अरबीत गेले आणि कलीला व दिमना झाले. पण पंचतंत्रात प्राणी जरा जास्तच शहाणे असतात, दर दोन वाक्यांनी नीती सांगतात. या पिक्चरांचं रक्ताचं नातं मला टोपीवाल्या उंदराशी जास्त वाटतं. म्हणून मी काय करते, पिक्चरच्या आधी आईला यातली एखादी गोष्ट सांगायला लावते, पाच मिनिटांची, साभिनय. पोरं जागेवर बसतात आणि आईही बसते, हा मुख्य फायदा.

निवडताना अजून एक गोष्ट आधी बघून ठेवा, कोण मरतं आणि कधी. हलकाफुलका म्हणून लावायचा आणि पहिल्या पाच मिनिटांत आई मेली तर काय करणार? नेमोमधे अगदी हेच होतं, सुरुवातीलाच आई आणि सगळी अंडी जातात, एकच उरतं. आमची भाची तेव्हा ४ ची होती, वहिनीच्या मांडीत तोंड खुपसून बसली ती रंगीबेरंगी मासे आले तरी वर बघेना. आता मी तो भाग आधीच पुढे पळवते आणि तोंडी सांगते की याची आई नाहीये, बाबा एकटाच सांभाळतो म्हणून एवढा घाबरट आहे, तेवढं पुरतं. द लायन किंगमधे (१९९४) छोट्या सिंहाचा बाप मुफासा मरतो, ते तर सगळ्यांना माहितीच आहे. सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघायची सवय लावून घ्या, २०२४ च्या शेवटापासून आपल्याकडे यूए चे तीन भाग झालेत, ७ प्लस, १३ प्लस आणि १६ प्लस, नुसतं यूए असायचं तेव्हापेक्षा हे बरंच कामाचं आहे. पण सर्टिफिकेट तुमच्या पोराला ओळखत नाही, तुम्ही ओळखता.

वेळही बघा. आइस एज (२००२) ८१ मिनिटं, मादागास्कर ८६, झूटोपिया १०८. हा फरक कागदावर छोटा वाटतो, पण रात्री साडेनऊला ५ वर्षांच्या मुलीबरोबर तो फार मोठा असतो. ६ च्या आतलं कोणी असेल तर ९० मिनिटांच्या खालचा घ्या नाहीतर संध्याकाळी लवकर लावा. आणि घरी इंटर्व्हल तुमच्या हातात आहे तो नीट घ्या. हे बाहेरचे पिक्चर इंटर्व्हल धरून बनवलेलेच नसतात, आपल्याकडे थिएटरवाले कुठेतरी मधेच कापतात, एकदा तर वाक्याच्या मधे कापला होता, कोल्हा तोंड उघडतोय आणि वर पॉपकॉर्नची जाहिरात. घरी मात्र एखादा पाठलाग संपून सगळे दम खात बसले की पॉज करायचं. चिवडा तेव्हाच बाहेर काढायचा, आधी नाही, कुरुमकुरुममधे अर्धे डायलॉग जातात.

भाषेचा प्रश्न मात्र जरा मोठा आहे. मराठीत डब झालेले असे पिक्चर शोधून फार कमी सापडतात, त्यामुळे आमच्याकडे हिंदी. आणि मी पूर्वी डबिंगला नाकं मुरडायचे, आता नाही मुरडत. माणसांचा पिक्चर डब केला की ओठ एक सांगतात आणि कान दुसरं ऐकतात, डोकं दुखतं. अस्वलाच्या तोंडाचं तसं होत नाही, अस्वल हिंदी बोलताना कसं दिसतं हे कोणाला माहितीये! शिवाय चांगला आवाज मिळाला तर डब केलेल्याची वेगळीच मजा येते. २०१६ च्या जंगल बुकच्या हिंदीत (तो तसा पूर्ण कार्टून नव्हे, पण प्राणी सगळे कॉम्प्युटरवरचे) इरफान खानचा बल्लू पंजाबी ढंगात बोलतो आणि शेरखान आहे नाना पाटेकर, ज्याने १९९३ मधे दूरदर्शनवरच्या सिरीयललाही शेरखानचा आवाज दिला होता. दादाने डोळे मिटून ऐकलं आणि एकदम रविवारची सकाळ आठवली म्हणाला. त्या दिवशी पिक्चर पोरांचा कमी आणि त्याचाच जास्त झाला. बाकी सबटायटल लावाल तर एक धोका, नुकतं वाचायला शिकलेलं पोर घरात असेल तर ते प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतं आणि जोक यायच्या आधी सांगून मोकळं होतं.

ज्या आजी-आजोबांना हिंदीही नकोच असते त्यांच्यासाठी माझ्याकडे एक हुकमी एक्का आहे, शॉन द शीप मूव्ही (२०१५). ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा, मातीच्या बाहुल्या एकेक फ्रेमला किंचित हलवून केलेला, ८५ मिनिटं, आणि त्यात डायलॉगच नाहीत. माणसंही नुसतं पुटपुटतात, मेंढ्या बें करतात, आणि तरी सगळं कळतं. आता विषय बोलणाऱ्या प्राण्यांचा आणि हे तर बोलतच नाहीत असं म्हणाल, पण माझ्या परीक्षेत हा पण पास होतो. एक मेंढी उडी मारते म्हणून मागच्या सगळ्या मारतात, आणि त्या एकामागोमाग एक उड्या बघता बघता मालकाला झोप लागते, हे मेंढीशिवाय दुसऱ्या कोणाला जमणार सांगा. आईने हा दोनदा बघितलाय. दुसऱ्यांदा स्वतःहून मागितला.

आपल्याकडचं काही हवं असेल तर दिल्ली सफारी (२०१२) बघाच. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला बिबट्याचा बछडा, त्यांचं जंगल तोडायला बिल्डर येतात म्हणून प्राणी निघतात थेट दिल्लीला संसदेत गाऱ्हाणं घालायला. त्यांना बरोबर न्यावा लागतो एक पोपट, कारण माणसांची भाषा येते ती फक्त त्याला. ही आयडिया मला फार आवडली, प्राणी बोलतात पण आपल्याला कळत नाहीत, मधे दुभाष्या लागतो. गोविंदाचा माकड भन्नाट आहे. नॅशनल अवॉर्डही मिळालंय या पिक्चरला. मुंबईकर पोरांना सांगा की त्या पार्कात बिबटे खरंच राहतात, मग बघा चेहरे. फक्त इथेही सुरुवातीला बछड्याचा बाप मारला जातो, तेव्हा मघाशी सांगितलं तसं आधी तयारी ठेवा.

आता पिक्चर लावलाय, सगळे बसलेत. मोठ्यांसाठी एकच नियम, जोक समजावून सांगायचा नाही. ससुलीच्या गावाची पाटी असते ना, लोकसंख्येची, तिचा आकडा आपण बघत असतानाच वाढत असतो, तिला स्वतःलाच २७५ भावंडं आहेत. मोठी माणसं फिसकन हसतात आणि पोरं विचारतात काय झालं. काही झालं नाही म्हणायचं, सशांना पोरं खूप होतात म्हणायचं, ते खरंही आहे. हे जोक मुद्दाम दोन मजली केलेले असतात, वरचा मजला मुलांना वयानुसार आपोआप सापडतो, भाच्याला या वर्षी सापडला आणि तो असा काही विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागला की काय सांगू.

दुसऱ्यांदा बघताना मात्र जरूर थांबवा, कारण बॅकग्राउंडमधे खजिना असतो. झूटोपियात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी बँकेतून सुटाबुटात रांगेने बाहेर पडतात, पहिल्याने कुल्फी घेतली की सगळे घेतात, आणि कोल्हा त्या कुल्फीच्या काड्या गोळा करून उंदरांना घर बांधायचं लाकूड म्हणून विकतो, त्यांच्या मापाने तो ओंडकाच ना! भाच्याला केसांचं वेड लागलंय, त्या पिक्चरमधल्या जिराफाच्या अंगावर सुमारे ९० लाख केस कॉम्प्युटरवर काढलेत हे ऐकल्यापासून तो पॉज करून मोजायचं नाटक करतो. आणि एका गोष्टीवरून तर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं होतं. माझी मावसबहीण मेलबर्नला असते, ती म्हणे बातम्या देणारा कोआला कसला गोड होता, आम्ही म्हटलं कोआला कुठला, तो तर मूस, मोठ्या शिंगांचं ते हरीण. दोन दिवस चाललं. शेवटी कळलं की दोघी बरोबर, त्या लोकांनी देशानुसार न्यूज अँकर बदलला होता, ऑस्ट्रेलियात कोआला, चीनमधे पांडा, जपानमधे तिथला कुत्र्याच्या कुळातला तानुकी, ब्राझीलमधे जग्वार. आपल्यासाठी एखादा बिबट्या नाहीतर गेलाबाजार म्हैस तरी बसवायची होती!

एक मोठी गंमत अजून सांगायची राहिली. हा पिक्चर आधी वेगळाच लिहिला होता, हिरो कोल्हा आणि शिकारी प्राण्यांच्या गळ्यात शॉक देणारे पट्टे. बरंच काम झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की असं शहर बघणाऱ्याला आवडतच नाहीये, मग पट्टे काढले, ससुलीला पुढे आणलं आणि गोष्ट तिच्या डोळ्यांनी सांगितली. मला हे फार पटतं. विनोदी पिक्चरमधलं गाव असं पाहिजे की आपल्याला तिथे राहायला जावंसं वाटेल, मग त्यात कितीही भानगडी दाखवा. आणि ससे भित्रे, कोल्हे लबाड असं धरून चालणारे लोक त्यात आहेतच, पण माणसं घेऊन हेच केलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला कोणाच्या तरी भावना दुखावल्या असत्या आणि जेवणाच्या टेबलावर वाद. कोल्ह्यांची संघटना नसते हे बरंय.

पिक्चर संपल्यावर "काय शिकलास यातून?" हे विचारू नका. खरंच नका. दादाने एकदा विचारलं, भाचा म्हणाला, "खोटं बोलू नये," तोंड शाळेत असतं तसं, आणि तिथेच मजा संपली. त्याऐवजी आम्ही खरं-खोटं खेळतो. स्लॉथ खरंच एवढे हळू असतात? असतात, शी करायला आठवड्यातून साधारण एकदा झाडावरून खाली उतरतात (पाच ते दहा वयोगटात या माहितीला मरण नाही). मादागास्करमधे सिंह असतात? नाहीत, पण पिक्चरमधले ते दुष्ट फोसा खरंच आहेत, मुंगसाच्या नात्यातले, आणि लेमूर जंगलात सापडतात ते फक्त तिथल्याच भागात. नेमोच्या जातीच्या माशांमधे गटातली मादी मेली की मुख्य नर हळूहळू मादी होतो, म्हणजे शास्त्राप्रमाणे बापाची आई व्हायला हवी होती. हे दादाने सांगितलं, भाच्याने शाळेत सांगितलं, पुढचं वहिनीने निस्तरलं.

आणि दुसरा खेळ म्हणजे तीच माझी प्राणी बदलायची परीक्षा, उलटी. एक काम सांगायचं, त्यावर कुठला प्राणी बसवायचा ते प्रत्येकाने सांगायचं. रिक्षावाला कोण? भाचा म्हणाला सरडा, कुठे जायचं ऐकलं की रंग बदलतो. सोसायटीचा वॉचमन? वटवाघूळ, कारण रात्री जागं असतं, पण उलटं टांगलेलं असल्यामुळे त्याला सगळ्या गाड्यांचे नंबर उलटे दिसणार. यात आई पहिल्या वर्षी नुसती ऐकायची. झूटोपियाचा दुसरा भाग २०२५ च्या नोव्हेंबरमधे आला, त्यात एक साप आहे एवढंच मी तिला सांगितलं, तर भाजी निवडता निवडता हात थांबवून म्हणाली, "सापाला हात नाहीत. मग त्या आळशाच्या ऑफिसात गेला तर अंगठा कशाचा लावणार?"